मिग-२१ च्या प्रतिकृतीचा सांधा का उघडतो, आणि तिला आतून आधार कसा द्यावा

आपल्या पत्रातील प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. आपले वडील नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्यासाठी आपण १/४८ प्रमाणातील मिग-२१ ची प्लॅस्टिकची प्रतिकृती फेब्रुवारीत जोडून रंगवली. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत ठेवलेल्या त्या विमानाच्या पाठीवरचा सांधा कॉकपिटच्या मागे केसाएवढा उघडला. डाव्या बाजूचा चाकाचा पाय मुळाशी मोडला असून फेविक्विकने चिकटवूनही तो पुन्हा निखळतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विमान हातात घेऊन पाहतो, त्यामुळे ते मजबूत असणे आवश्यक आहे. शिवाय सुखोई-३० चे न उघडलेले किट आपल्याकडे आहे आणि त्यात हे दोष राहू नयेत अशी आपली इच्छा आहे.

या दोन्ही बिघाडांवर अधिक जोरदार गोंद शोधणे हा उपाय नाही. सांधा उघडला तो बहुधा आत अडकलेल्या ताणामुळे आणि पाय निखळतो तो त्याच्या मुळाशी पुरेसे प्लॅस्टिक नसल्यामुळे. गोंदाचे काम दोन पृष्ठभाग एकत्र धरण्याचे असते. भार पेलण्याची सोय मात्र सांध्याच्या मागे, आतल्या बाजूला करावी लागते आणि ती धडाचे दोन अर्धे भाग मिटण्यापूर्वीच करता येते. त्यामुळे मजबुतीचा विचार किटचा डबा उघडल्या दिवशीच सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम प्लॅस्टिकविषयी. अशा किटचे भाग जवळपास नेहमी पॉलिस्टायरीनचे असतात. या प्लॅस्टिकचा मोठा गुण असा की ते योग्य द्रावकात विरघळते. टामियाच्या एक्स्ट्रा थिनसारख्या पातळ सिमेंटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणाऱ्या द्रावक गोंदात, अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट असते. ते सांध्यावर टेकवले की दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग मऊ होतो, त्यातील लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकांत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर मध्ये गोंदाचा वेगळा थर उरतच नाही; दोन भागांचे एक प्लॅस्टिक झालेले असते. हा खऱ्या अर्थाने वितळजोड आहे. म्हणून पॉलिस्टायरीनला पॉलिस्टायरीन जोडायचे असेल तेव्हा द्रावक सिमेंटच वापरावे, आणि त्यासाठी दोन्ही कडा उघड्या प्लॅस्टिकच्या असाव्यात. रंग, प्रायमर किंवा चमकदार मुलामा असेल तर तो खरवडून काढल्याशिवाय सिमेंट प्लॅस्टिकपर्यंत पोहोचत नाही.

फेविक्विक, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, याचे काम निराळे. ते प्लॅस्टिक विरघळवत नाही, तर दोन पृष्ठभागांमध्ये कडक पण ठिसूळ थर तयार करते. सरळ ओढीला तो थर चांगला टिकतो. झटका बसला, किंवा एका कडेपासून सोलल्यासारखा जोर आला, की तडकतो. विमानाच्या पायावर येणारा जोर नेमका याच प्रकारचा असतो. आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. एकदा सायनोअ‍ॅक्रिलेट लागलेल्या पृष्ठभागावर द्रावक सिमेंट पकड घेत नाही, कारण वरच्या कडक थरामुळे ते खालच्या प्लॅस्टिकला शिवूच शकत नाही. त्यामुळे मोडलेला भाग घाईने फेविक्विकने चिकटवला की वितळजोडाची संधी तिथेच संपते, आणि ती परत मिळवायची तर तो थर ब्लेडने खरवडून काढावा लागतो. रेझिनचे भाग, त्रिमिती मुद्रणाचे भाग आणि पितळी पत्र्याचे नक्षीभाग यांवर सिमेंट निरुपयोगी आहे. तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा इपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणारा गोंद, हाच मार्ग आहे.

नाशिकच्या हवेचा या कामावर जो परिणाम होतो, तो परदेशी किटच्या सूचनापत्रकात सापडणार नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा चाळिशीजवळ असतो तेव्हा पातळ सिमेंट ब्रशवरून सांध्यात उतरण्याआधीच निम्मे उडून जाते. वरून सांधा भरलेला दिसतो आणि आत कोरडा राहतो. त्या दिवसांत हे काम सकाळी लवकर करावे, पंखा बंद ठेवावा, पण खिडकी उघडी ठेवावी, कारण या वाफा श्वासावाटे घेण्यासारख्या नाहीत. पावसाळ्यात उलट प्रश्न येतो. सायनोअ‍ॅक्रिलेट हवेतील ओलाव्यामुळेच घट्ट होते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ते फार लवकर पकडते आणि आजूबाजूला पांढरी भुकटी पसरवते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत तेच सावकाश पकडते आणि आपण अधीर होऊन आणखी थेंब ओततो. तसे करू नये. ट्यूब हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह शीतकपाटात ठेवावी आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर आत बाष्प धरते. सायनोअ‍ॅक्रिलेट सुती कापडावर सांडले तर झपाट्याने तापते आणि त्वचा भाजू शकते, म्हणून ते पुसायला सुती चिंधी घेऊ नये.

आता आपला पाठीवरचा सांधा. साच्यातून निघालेले धडाचे दोन अर्धे भाग पुष्कळदा किंचित पीळ पडलेले असतात. टेबलावर सपाट ठेवले की एखाद्या टोकाला अर्धा मिलिमीटर फट दिसते. आपण रबरबँड आणि चिमट्यांनी ते दाबून बसवतो, सिमेंट लावतो आणि दुसऱ्या दिवशी चिमटे काढतो. सांधा मिटलेला दिसत असला तरी प्लॅस्टिक आतून आपल्या मूळ आकाराकडे ओढत राहते. पॉलिस्टायरीनचा एक दुर्गुण असा की ताणाखाली असताना त्याला द्रावकाचा संपर्क झाला तर त्यात बारीक तडे पडतात. सिमेंटचे उरलेले द्रावक आणि रंगातले तीव्र थिनर हे दोन्ही तो संपर्क देतात, आणि मे महिन्याचा उकाडा उरलेले काम पुरे करतो. आपण दिलेल्या वर्णनावरून हेच घडले असावे.

यावरचा उपाय चिकटवण्यापूर्वीचा आहे. दोन्ही भाग सिमेंटशिवाय एकत्र धरून उजेडासमोर पाहावे. बोटांच्या हलक्या दाबाने फट मिटत असेल तर पुढे जावे. मिटत नसेल तर पसरट भांड्यात गरम पाणी घ्यावे, चहासाठी उकळी फुटण्याच्या आधी असते तेवढे, उकळते नव्हे. कारण पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण मऊ होते आणि पातळ भाग त्याआधीच वाकू लागतो. भाग काही सेकंद बुडवून काढावा, हलक्या हाताने उलट दिशेने किंचित जास्त वाकवावा आणि गार पाण्यात धरावा. एका वेळेला थोडेच वाकवावे आणि हे दोन-तीनदा करावे. भाग स्वतःहून सरळ बसू लागला की मगच सिमेंट हातात घ्यावे. हे कंटाळवाणे वाटते, पण सांधा पुढे उघडू नये यासाठी यापेक्षा अधिक उपयोगी दुसरे काही मला माहीत नाही.

सरळ बसणाऱ्या भागांनासुद्धा आतून पट्ट्या द्याव्यात. किटमध्ये कडेला दोन-चार खुंट्या आणि त्यांची भोके असतात, पण त्या फक्त भाग जागेवर आणण्यासाठी असतात. मजबुती त्यांच्याकडून मिळत नाही, आणि काही वेळा त्याच चुकीच्या जागी असल्यामुळे सांधा उंचसखल होतो. तशा खुंट्या मी सरळ कापून टाकतो. त्याऐवजी पॉलिस्टायरीनची ५ ते ६ मिलिमीटर रुंद पट्टी घ्यावी, तिची निम्मी रुंदी एका अर्ध्या भागाच्या आतल्या कडेला चिकटवावी आणि निम्मी बाहेर डोकावू द्यावी. दुसरा अर्धा भाग तिच्यावर येऊन बसतो. सलग लांब पट्टी लावू नये. २० ते २५ मिलिमीटरच्या तुकड्यांनी, मध्ये जागा सोडत, एक तुकडा डाव्या भागावर आणि पुढचा उजव्या भागावर असे आलटूनपालटून लावावे. अशा मांडणीने दोन्ही भाग एकमेकांत अडकतात आणि पायरीही पडत नाही. यासाठी आयात केलेल्या पट्ट्या मागवायलाच हव्यात असे नाही. जुन्या सीडीची पारदर्शक कडक डबी पॉलिस्टायरीनचीच असते. तिच्यावर धारदार कटरने चार-पाच वेळा ओरखडा काढून वाकवले की सरळ पट्टी तुटून येते. ती थोडी ठिसूळ असते, पण सिमेंटने एकजीव होते. किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, जिला आपण स्प्रू म्हणतो, तीही फेकू नये.

सिमेंट लावताना दोन कडांमध्ये केसाएवढी फट ठेवून भाग एकत्र धरावेत, ब्रशचे टोक फटीला टेकवावे आणि सिमेंट केशाकर्षणाने स्वतःहून धावू द्यावे. एका वेळेला ३० ते ४० मिलिमीटरच लांबी घ्यावी. दहा-पंधरा सेकंदांनी हलके दाबले की मऊ झालेल्या प्लॅस्टिकची बारीक वळी सांध्यावर बाहेर येते. ती पुसू नये. तीच सांधा भरल्याची खूण आहे आणि पूर्ण सुकल्यावर ती तासून काढली की वेगळी पुटी लागत नाही. सुकण्यासाठी निदान २४ तास द्यावेत, आणि जाड सांध्याला दोन-तीन दिवस. घाईने घासलेला सांधा त्या दिवशी गुळगुळीत दिसतो, पण उरलेले द्रावक पुढे उडून जाते तसे प्लॅस्टिक आत बसते आणि रंगावर खोल रेघ उमटते. इंधनटाकीसारखे बंद पोकळ भाग जोडताना आत सिमेंटचा थेंब साचू देऊ नये. त्याची वाफ बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून मऊ होऊन आकार बिघडतो. अशा भागाला न दिसणाऱ्या जागी एक बारीक छिद्र ठेवावे.

धडाच्या आत आडव्या चकत्याही द्याव्यात. आपल्या वडिलांना हे सांगावे लागणार नाही, कारण खऱ्या विमानाचे धडही आतल्या चौकटींवर उभे असते आणि पातळ पत्रा त्यांच्यावर बसतो. प्रतिकृतीत कॉकपिटच्या मागे एक, पंखांच्या मुळाशी दोन आणि शेपटाच्या अलीकडे एक अशा चकत्या पुरतात. आकार काढण्यासाठी पुठ्ठ्याचा नमुना आधी कापून बसवून पाहावा. चकती किंचित लहान झाली तर चालते, कडेला पट्टीचा तुकडा देता येतो. पण मोठी झाली तर ती धड बाहेर ढकलते आणि ज्या ताणापासून आपण सुटू पाहतो तोच पुन्हा निर्माण करते.

पुष्कळ जण मजबुतीसाठी धडातून आरपार लोखंडी किंवा पितळी सळई घालून ती पूर्ण लांबीवर सायनोअ‍ॅक्रिलेटने पक्की करतात. नाशिकच्या हवेत तरी मी हे करू नये असे सांगेन. थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत बंद खोलीतसुद्धा ३० अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकाने ३०० मिलिमीटर लांबीचे पॉलिस्टायरीन सुमारे ०.६ मिलिमीटरने वाढते, तर पितळ ०.२ मिलिमीटरहूनही कमी. हा फरक कुठेतरी निघणारच, आणि तो सर्वांत कच्च्या जागी, म्हणजे सांध्यात, निघतो. लांब धातूचा दांडा घालायचाच असेल तर तो मधोमध एका ठिकाणी पक्का करावा आणि दोन्ही टोकांना घट्ट बसणाऱ्या नळीत सरकता ठेवावा. मिग-२१ ला तर अशा दांड्याची गरजच नाही. तिचा पंख १/४८ प्रमाणात टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १५० मिलिमीटर भरतो, आणि त्रिकोणी आकारामुळे त्याचे मूळ लांब असल्याने चिकटण्यासाठी भरपूर जागा मिळते. याउलट एएन-३२ सारखे मालवाहू विमान १/७२ प्रमाणातही ४०० मिलिमीटरहून रुंद होते आणि त्याचा लांब, अरुंद पंख उंचावर बसतो. तिथे धडातून आरपार जाणारी पितळी नळी द्यावीच.

पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला फट राहणे हा मिग-२१ च्या प्रतिकृतीत वारंवार येणारा त्रास आहे. फट पुटीने भरण्याऐवजी धड आतून किंचित फाकवावे. मिटण्यापूर्वी पंखाच्या रेषेत स्प्रूचा एक आडवा तुकडा दोन भिंतींमध्ये बसवायचा आणि तो कानशीने थोडाथोडा घासत फट बुजेल एवढ्या लांबीवर आणायचा. दर वेळी पंख कोरडेच लावून पाहायचे. ज्या किटमध्ये पंखाचे वरचे आणि खालचे भाग सुटे असतात, तिथे वरचा भाग आधी धडाला जोडून वरचा सांधा नेमका जुळवावा आणि खालचा भाग नंतर बसवावा. राहिलेली फट मग पोटाखाली जाते, जिथे ती सहज भरता येते. पंखांचा कोन पाहण्यासाठी आलेखकागदावर समोरून दिसणारी आकृती काढून विमान तिच्यासमोर धरावे. मिग-२१ चे पंख टोकांकडे किंचित खाली झुकलेले असतात, हे विसरून सपाट बसवले तर विमान चुकीचे दिसते.

आता पाय, आणि यावर मी थोडे सविस्तर लिहितो. मिग-२१ चे मुख्य पाय पंखाच्या खालच्या पृष्ठभागात बसतात. तिथे प्लॅस्टिकची जाडी साधारण एक मिलिमीटर असते आणि खाच त्याहून उथळ. विमान हातातून टेबलावर ठेवताना दोन्ही चाके क्वचितच एकदम टेकतात; सगळे वजन क्षणभर एका पायावर तिरके येते आणि तो आपल्या मुळाशी तरफेसारखा उचकटतो. म्हणून पंख मिटण्यापूर्वी खाचेच्या पाठीमागे, पंखाच्या आत, पॉलिस्टायरीनचे दोन-तीन थर सिमेंटने एकावर एक बसवून ठोकळा तयार करावा, आणि त्याच्याभोवती एम-सीलसारखी इपॉक्सी पुटी दाबावी. मग खाच त्या ठोकळ्यात ३ मिलिमीटरपर्यंत खोल करता येते. पंख फार पातळ असेल तर ठोकळा वरच्या पत्र्यालाही चिकटू द्यावा, म्हणजे भार दोन्ही पत्र्यांत वाटला जातो.

मोडलेल्या पायात पितळी तार घालणे हे नाजूक काम आहे, पण कठीण नाही. पिन व्हाइस म्हणजे हाताने फिरवायचे छोटे ड्रिल. ते, बारीक ड्रिल बिट, सोनारी कानस आणि सोनारी करवत या गोष्टी सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानात मिळतात, तेव्हा सराफ बाजारात चौकशी करावी. तारेची जाडी पायाच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी. १/४८ चा पाय दोन मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून ०.६ मिलिमीटर योग्य. मोडलेल्या टोकाच्या मधोमध सुईने आधी खळगा करावा, नाहीतर बिट घसरते. मग पिन व्हाइस उभे धरून केवळ बोटांनी फिरवत ४ मिलिमीटर खोल जावे आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी बिट बाहेर काढून भुगा झटकावा. सलग फिरवले तर घर्षणाने प्लॅस्टिक वितळून बिटला चिकटते आणि पाय फुटतो. आता या भोकात तार अशी घालावी की तिचे टोकदार टोक अर्धा मिलिमीटर बाहेर राहील, दुसऱ्या तुकड्याशी मोडीच्या खाचा जुळवून हलकेच दाबावे, आणि त्यावर उमटलेल्या ठिपक्यावर दुसरे भोक पाडावे. दोन्ही भोके एका रेषेत आणण्यासाठी याहून सोपी रीत नाही. तार पॉलिश कागदावर घासून खरखरीत करावी, भोकांत इपॉक्सी गोंद, म्हणजे संथ सुकणारे अ‍ॅराल्डाइट लावावे आणि मोडीच्या कडांना पातळ सिमेंट द्यावे. इथे दोन जोड एकत्र काम करतात: बाहेरचे प्लॅस्टिक वितळून एक होते आणि आतली तार वाकवणारा जोर पेलते.

बारीक तारेसाठी नाशिककरांना एक सोय आहे. सातपूर आणि अंबडच्या टूलरूममध्ये धातू तारेने कापणाऱ्या वायर-कट यंत्रांत बहुधा ०.२५ मिलिमीटरची पितळी तार वापरतात आणि एकदा वापरून ती भंगारात टाकतात. ओळखीच्या कारागिराकडून हातभर मागून घेतली तर अँटेना, ब्रेकच्या नळ्या आणि लहान भागांच्या खुंट्या यांसाठी पुष्कळ दिवस पुरते. ती आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ करावी.

नाकातले वजन हाही मजबुतीचाच भाग आहे, कारण वजन चुकले तर विमान शेपटावर बसते आणि ते सरळ करण्याच्या धडपडीत पाय मोडतात. मुख्य भाग कागदी टेपने जोडून, चाकांच्या जागेखाली पेन्सिल आडवी ठेवून, विमान पुढे झुकेपर्यंत नाकावर वजन ठेवून पाहावे आणि त्याहून थोडेसेच अधिक घालावे. भरमसाट वजन पुढच्या नाजूक पायावर येते. मिग-२१ च्या नाकातून हवेचा मार्ग जातो, तेव्हा वजनासाठी मधल्या शंकूची पोकळी आणि हवामार्गाच्या वरची-खालची जागा एवढीच उरते. मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या यासाठी उत्तम आहेत, पण त्या फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कधीही बसवू नयेत. अशा गोंदात अडकलेले शिसे काही वर्षांत रासायनिक क्रियेने पांढऱ्या क्षारात बदलून फुगते आणि बंद नाक आतून फोडते. शिसे इपॉक्सीतच बसवावे, आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

नाकाच्या पुढे निघणारी, वेग मोजण्यासाठी असलेली लांब पिटो नळी प्लॅस्टिकची ठेवू नये. पाहुण्यांच्या हातात ती सर्वांत आधी मोडते. औषधाच्या दुकानातल्या इंजेक्शनच्या नव्या सुया एकमेकींत बसतात: १८ गेजच्या सुईत २२ गेजची आणि २२ गेजच्या सुईत ३० गेजची. टोके कापून बोथट केली की अशी सुबक निमुळती नळी तयार होते. सुई पक्कडीने कापली तर चेपते, म्हणून ती सपाट जागेवर ठेवून सोनारी कानशीच्या कडेने फिरवत खाच पाडावी आणि मग मोडावी. हे करताना डोळ्यांवर चष्मा असावा. नळीचे मूळ नाकात ८ ते १० मिलिमीटर आत जाऊ द्यावे आणि इपॉक्सीने बसवावे. कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, मात्र फेविकॉलच लावावे, कारण सायनोअ‍ॅक्रिलेटच्या वाफेने काच धुरकट होते.

आपल्या हातातील विमान आता बाहेरून मिटलेले आहे, तरी ते वाचवता येईल. प्रथम सांधा पूर्ण उघडू पाहत आहे का ते तपासावे: पातळ ब्लेड फटीत सरकवून ते जिथे थांबते तिथपर्यंत पेन्सिलने खूण करावी. फटीच्या दोन्ही बाजूंचा रंग ३-४ मिलिमीटर रुंदीत ओल्या ६०० नंबरच्या पॉलिश कागदाने काढावा. मिग-२१ च्या शेपटाकडची इंजिनाची नळी बहुतेक वेळा शेवटी बसवतात; ती सैल होत असेल तर तिथून लांब चिमट्याने आत पट्टी पोहोचवता येते, पण कॉकपिटच्या मागे एवढ्या लांब हात पोचणे अवघड आहे. त्याऐवजी मी बाहेरून टाके घालण्याची पद्धत सुचवतो. फटीला काटकोनात, सोनारी करवतीने ६ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर खोल खाचा १५ मिलिमीटर अंतराने पाडाव्यात. प्रत्येक खाचेत ०.४ मिलिमीटरची पितळी तार पृष्ठभागाच्या किंचित खाली बसेल अशी ठेवून पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटने पक्की करावी. त्याआधी मधल्या फटीत पातळ सिमेंट सोडून सांधा हलका दाबून दोन दिवस ठेवावा. हा क्रम उलटा केला तर सिमेंटचा उपयोग राहणार नाही. खाचा भरायला सायनोअ‍ॅक्रिलेटमध्ये थोडी टाल्कम पावडर मिसळावी. नुसते सायनोअ‍ॅक्रिलेट प्लॅस्टिकहून कडक होते आणि घासताना त्याचा उंचवटा राहून आजूबाजूचे प्लॅस्टिक खाली जाते. पावडरने ते मऊ राहते. तरीही त्याच दिवशी घासून घ्यावे. त्यानंतर ६००, १०००, २००० अशा क्रमाने घासून पॅनलच्या बुजलेल्या रेघा सुईने पुन्हा कोराव्यात आणि रंग द्यावा.

डाव्या पायाच्या खाचेतले सगळे जुने फेविक्विक आधी खरवडून काढावे. पंख मिटलेला असल्याने ठोकळा आता घालता येणार नाही, पण खाचेच्या तळाला २ मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून सुई नसलेल्या सिरिंजने संथ सुकणारे इपॉक्सी आत सोडता येईल. विमान उताणे ठेवून ते पूर्ण घट्ट होऊ द्यावे, दुसऱ्या दिवशी त्या घट्ट झालेल्या इपॉक्सीतच तारेसाठी भोक पाडावे, आणि तार घातलेला पाय त्यात बसवावा. उजवा पाय आज टिकला आहे म्हणून सोडू नये. त्यालाही तेच करावे.

सुखोईचे किट उघडाल तेव्हा पाहा की त्याचे धड बहुधा डाव्या-उजव्या भागांत नसून वरच्या-खालच्या भागांत विभागलेले असेल, आणि नाक वेगळे येऊन आडव्या सांध्याने धडाला मिळत असेल. पूर्ण विमान १/४८ प्रमाणात सुमारे ४५० मिलिमीटर लांब होते, त्यामुळे त्या एका सांध्यावर पुढे आलेल्या संपूर्ण नाकाची तरफ पडते. नाकाच्या आत बसणारी आणि धडात २० मिलिमीटर शिरणारी पॉलिस्टायरीनची चौकोनी बाही तिथे अवश्य द्या. दोन्ही उभ्या शेपटांच्या मुळाशी प्रत्येकी दोन तारा घाला. वडिलांनी ज्या कारखान्यात काम केले तिथेच खऱ्या सुखोई बांधल्या गेल्या, तेव्हा आतल्या चौकटी कुठे हव्यात हे ठरवताना कागदावर काढलेली मांडणी त्यांना एकदा दाखवून घ्यावी. पाहुण्यांनी विमान उचलताना कुठे धरायचे, तेही ही मांडणी करतानाच ठरवा: पंखाच्या मुळाजवळ, पोटाखालून, जिथे दोन चकत्या जवळजवळ असतील. तेवढ्या जागेत पोटाला आतून दुहेरी पत्रा द्यावा आणि शस्त्रे व टाक्या तिथून दूरच्या खुंट्यांवर लावाव्यात.